ढेप कोणाच्या पोटात?

आबांचं तोंड कायम हलत असे. गोदामाच्या दारात स्टुलावर बसलेले असोत, की पोत्यांच्या थप्पीवर उभे राहून हमालांवर ओरडत असोत, दाढेखाली काहीतरी घोळत असायचंच. सुपारी असेल असं मी धरून चालले होते. खांद्यावर उपरणं, सदऱ्याच्या खिशात पोती शिवायचं दाभण, आणि दाभणाला ओवलेली हातभर सुतळी. त्या दाभणानं ते पोतं शिवायचे, हिशेबाच्या चिठ्ठ्या ओवायचे, कान कोरायचे आणि समोरच्याला मुद्दा पटत नसला की ते त्याच्या छातीच्या दिशेनं रोखायचे. टोचलं मात्र कधी कुणाला नाही.

धुळ्याच्या ज्या तेलगिरणीत मी केमिस्ट म्हणून लागले, तिथले ते गोदामकीपर. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. गिरणीत भुईमुगाचं तेल निघायचं. तेल काढून उरलेल्या चोथ्यातूनही रसायन घालून उरलंसुरलं तेल ओढून घ्यायचे आणि मग जी कोरडी भुकटी राही ती पोत्यात भरून परदेशी जाई. तिला पुस्तकात पेंड म्हणतात, आमच्याकडे ढेप. तिकडच्या गायी ती खातात, एवढंच कामगारांना ठाऊक होतं, आणि त्यांना त्याचं हसू यायचं. आपली गाय कडबा चघळते आणि त्यांची गाय धुळ्याहून जेवण मागवते.

मी त्या गिरणीतली पहिली बाई. प्रयोगशाळा म्हणजे बॉयलरच्या मागची एक खोली, दोन वजनकाटे आणि एक भट्टी. नोकरीवर जायला वडिलांनी परवानगी दिली ती अशी, की न दिलेली बरी. ते शाळामास्तर. गल्ली नंबर पाचमध्ये आमचं घर, आणि गल्लीत कुणाची मुलगी कुठे जाते हे सगळ्यांना आमच्याआधी कळायचं. वडील म्हणाले, "एक वर्ष. तुझ्या सहीवर कुणी बोट ठेवलं, तर मुकाट्यानं घरी बसायचं आणि जळगावला होकार कळवायचा." जळगावला डाळमिलवाल्यांचं एक स्थळ होतं. माणसं चांगली होती, पण सुनेनं बाहेर काम करायचं नाही असं त्यांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. मुलाचा चेहरा आज मला आठवत नाही. प्रयोगशाळेची किल्ली मात्र हातात धरल्यावर कशी लागायची ते आठवतं.

पहिल्या दिवशी मी नमुना घ्यायला गोदामात गेले. आबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "ताई, हाई ढेप कोन खाई?"

मी म्हटलं, "गाय."

"कथानी गाय?"

कुठली ते मला माहीत नव्हतं. ते उठले, मला आतल्या भिंतीपाशी घेऊन गेले. तिथे शाळेत असतो तसा जगाचा नकाशा टांगला होता. मुंबईवर एक खिळा, रॉटरडॅमवर एक खिळा, आणि मध्ये सुतळी. मात्र सुतळी सरळ जात नव्हती. ती आफ्रिकेला पार वळसा घालून वर चढत होती आणि आफ्रिकेच्या खालच्या टोकाला तिला एक गाठ होती.

त्या गाठीची हकीकत नंतर मला हमालांनी सांगितली. पूर्वी आबांची सुतळी सुएझच्या कालव्यातून जायची. लढाई झाली, कालवा बंद पडला, जहाजं लांबच्या वाटेनं जाऊ लागली. गिरणीत कुणाला त्याचं काय? पण आबांनी त्याच दिवशी सुतळी कालव्यातून सोडवली आणि आफ्रिकेवरून न्यायला लागले, तर ती पुरेना. मग दाभणातली काढून तिला जोडली. शेठ तिथे आले तेव्हा आबा म्हणाले, "शेठ, जेवढी सुतळी वाढनी तेवढं भाडं वाढी." पुढच्या महिन्यात खरंच जहाजाचं भाडं वाढल्याचं पत्र आलं. त्या दिवसापासून शेठ नकाशाला हात लावू देत नसत.

शेठ म्हणजे गिरणीचे मालक. मूळचे राजस्थानातले, जैन, तिसऱ्या पिढीपासून धुळ्यात. स्वच्छ मराठी बोलायचे, राग आला की हिंदी. चिडलेलं मी त्यांना एकदाच पाहिलं, आणि त्याला कारण बदकं. ते पुढे येईलच.

आबांचं शिक्षण मराठी चौथी. गाव पारोळ्याकडे, बोलणं अहिराणी. पण दिल्लीहून आलेला सरकारी कागद असो की परदेशातून आलेली अट, मुनीमजींनी वाचून दाखवली की ते डोळे मिटून ऐकायचे आणि शेवटी एकच म्हणायचे, "कायदाले पोट ऱ्हास. आधी पोट धुंडा, मंग शिव्या द्या." म्हणजे कुठलाही नियम कुणाच्या तरी पोटासाठी केलेला असतो. ते पोट कुणाचं हे आधी शोधायचं.

आणि ते खरंच शोधायचे. शेंगदाण्याचं तेल परदेशी पाठवायला सरकार मोकळीक देत नव्हतं, ढेप मात्र पाठवा पाठवा म्हणायचं. बाजारातले व्यापारी सरकारच्या नावानं बोटं मोडायचे. आबा म्हणायचे, तेल ही आपल्या कढईची गोष्ट, ते गेलं तर इथे भाकरीवर काय घालाल? ढेप गेली तर आपलं कुणी उपाशी राहत नाही, आणि तिच्या बदल्यात जे परदेशी चलन येतं त्यावर रॉकेल येतं, यंत्रांचे सुटे भाग येतात. ज्या वर्षी सरकारनं रुपया उतरवला आणि पाठोपाठ ढेपेवर निर्यात जकात बसवली, तेव्हा मी शाळेत होते. पण ती गोष्ट गिरणीत रोज सांगितली जायची. माल भरलेल्या रेल्वेच्या वाघिणी चाळीसगावला उभ्या, सौदे जुन्या भावाचे, जकात नवी. शेठना जेवण जाईना. आबा त्यांना म्हणाले, "रुपया पडना तधळ तुम्हना फायदा व्हयना ना? सरकारनं पोट बी तठेच शे. अर्धं तुम्ही खा, अर्धं त्याले द्या." शेठना त्या वेळी ते बोलणं लागलं, पण त्या रात्री ते जेवले म्हणतात.

असा हा माणूस. म्हणून जेव्हा बुरशीचा नियम आला, तेव्हा मला वाटलं होतं की आबा यातलंही पोट दोन दिवसांत काढून दाखवतील. या वेळी ते त्यांना सापडलं नाही. ते मला शोधावं लागलं.

नियम असा होता. ओल्या शेंगदाण्यावर एक बुरशी वाढते, आणि तिच्यात एक विष तयार होतं. ते डोळ्याला दिसत नाही, वास नाही, चव नाही. युरोपातल्या बंदरांवर आता ढेपेत ते विष तपासणार होते आणि ठरलेल्या मापापेक्षा जास्त निघालं तर माल परत. पाचकंदीलच्या बाजारात या बातमीवर दिवसभर चहा प्यायला गेला. सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं, की भाव पाडायची ही गोऱ्यांची युक्ती आहे. इतकी वर्षं त्यांच्या गायी काय मेल्या?

आबांनी मला गोदामात बोलावलं. स्टूल मला दिलं, स्वतः पोत्यावर बसले. "ताई, हाऊ कायदा कोना पोटसाठे शे?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही, आबा. गायींसाठी असेल."

"गाय मरत नही म्हनतस बठ्ठा. मंग?"

मी माझ्या कॉलेजच्या सरांकडे गेले. त्यांच्या कपाटात परदेशी मासिकं होती. दोन संध्याकाळी तिथे बसून शब्दकोश घेऊन वाचलं, आणि जे समजलं ते दुसऱ्या दिवशी आबांना सांगितलं. गाय ते विष खाते, आणि त्यातलं थोडं तिच्या दुधात उतरतं. मोठ्या माणसाला त्याचं एवढं काही होत नाही. पण जे फक्त दुधावर असतात त्यांची गोष्ट वेगळी.

आबांचं तोंड हलायचं थांबलं. "धाकला पोऱ्यास्ना पोटसाठे," ते म्हणाले. मग नकाशाकडे वळले. "मंग कायदा खरा शे."

अख्ख्या धुळ्यात त्या नियमाला खरा म्हणणारा हा एकच माणूस होता, आणि तसं म्हटल्यावर त्यानं जे केलं त्यामुळे गिरणीची झोप उडाली.

पहिलं, बदकं. मुंबई बंदरावर माल तपासणारा एक सर्वेअर गिरणीत आला होता. तो गप्पांत बोलून गेला, की हे विष तपासायला परदेशात बदकाची पिल्लं वापरतात, कारण त्यांना ते सगळ्यांत आधी बाधतं. माणूस गाडीत बसून गेला. आबा तिसऱ्या दिवशी नवापूरकडून सहा बदकाची पिल्लं टोपलीत घेऊन आले. धुळ्यात पांझरा नदीला पाणी असलं तर असतं. बदक जवळून पाहिलेली माणसं गावात थोडी. ती पिल्लं बॉयलरच्या गरम पाण्याच्या नाल्यात पोहायला लागली तेव्हा दोन पाळ्यांचे कामगार काम सोडून नाल्याकाठी उभे राहिले.

शेठ आले. हे काय म्हणून विचारलं. आबांनी सरळ सांगितलं, की प्रत्येक लॉटमधली ढेप यांना चारायची. जगली तर माल चांगला.

"और मर गए तो?"

आबा नाल्याकडे बघायला लागले.

"आबा, माझ्या कंपाउंडात जीवहिंसा होणार नाही," शेठ म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण शब्द एकेक तोडून येत होता. "माल सगळा परत आला तरी चालेल. गिरणी बंद पडली तरी चालेल. या पिल्लांना ढेपेचा कण चारायचा नाही. शब्द द्या."

आबांनी शब्द दिला. पिल्लं राहिली ती राहिलीच. ज्वारी खाऊन ती अशी माजली की नवीन माणूस फाटकातून आत आला की कलकलाट करायची. पर्युषणात शेठ स्वतः त्यांना दाणे टाकायचे. आणि गावानं आबांना 'बदकवाले' म्हणायला सुरुवात केली.

बदकांचा मार्ग बंद झाला, तर राहिला दिवा. ते विष एका खास किरणांच्या दिव्याखाली निळं चमकतं. असा दिवा आणि थोडी काचसामग्री मिळाली तर मी इथेच तपासू शकत होते. तसा दिवा आपल्याकडे होत नव्हता. परदेशातून आणायचा तर आयात परवाना, परवान्याला दिल्लीचं प्रमाणपत्र, प्रमाणपत्राला हा दिवा देशात मिळत नाही असं लिहून देणारं आणखी एक प्रमाणपत्र. शिवाय हे सगळं मिळालं तरी परदेशी चलन हवं. चलन यायला ढेप जायला हवी. आणि ढेप स्वच्छ आहे हे दाखवायला दिवा हवा. मी हे आबांना कागदावर गोल काढून समजावलं. त्यांनी तो गोल दाभणानं मध्येच टोचला आणि म्हणाले, "आपन आठून चालू करूत." दाभणाचं टोक जिथे होतं तिथे, ढेपेच्या अलीकडे, मी 'शेंगा' असं लिहिलं होतं.

आता आमच्या भागातली एक रीत सांगते. आमच्याकडे शेंगा फोडायला घेण्याआधी आदल्या दिवशी त्यांवर पाणी शिंपडतात. टरफल मऊ पडतं, दाणा अख्खा निघतो, फोडणाऱ्या बायांची नखं वाचतात. व्यापाऱ्यालाही ते आवडतं, कारण वजन भरतं. कुणी कुणाला फसवतंय असं त्यात कुणाच्या मनात येत नसे. माझी आजीसुद्धा बियाण्याच्या शेंगा तशाच फोडायची. पण त्या ओल्या दाण्यांचा ढीग रात्रभर, दोन रात्री पडून राहिला की आतून गरम होतो. बुरशीला आणखी काय पाहिजे?

आमच्या आवारात पन्नास-साठ बाया शेंगा फोडायच्या. त्यांची मुकादमीण एक अक्का होती, उंच, काळीसावळी, आबांच्याच वयाची आणि आबांना मुळीच न भिणारी. आबांनी जाऊन सांगितलं, "उद्यापासून पानी बंद."

अक्का म्हणाली, "कोरड्या शेंगा फोडीसन नखं तुटतीन आम्हनी. तुम्हनं काय जास?"

बाकीच्या बाया हसल्या. मजुरी मापावर होती. कोरड्या शेंगेनं माप कमी भरणार, हे त्यांना बोटांवर मोजून कळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा उपरणं अंथरून बायांच्या ओळीत बसले, पुढ्यात कोरड्या शेंगांचं टोपलं. दुपारपर्यंत फोडत होते. गोदामाच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला, हमाल बाहेर खोळंबलेले, मुनीमजी दोनदा येऊन गेले. आबांनी मान वर केली नाही. दुपारी त्यांनी अक्काला हात दाखवले. दोन्ही अंगठ्यांची नखं मुळापासून उलली होती.

"तुन्हं खरं शे," ते म्हणाले. "आते मन्हं ऐक." मग त्यांनी गाय, ढेप, दूध हे सगळं तिला सांगितलं. मला जेवढं समजलं होतं त्याच्या निम्म्या शब्दांत. "तथानी बाईले बी पोऱ्या शेतस, अक्का."

अक्कानं त्यांच्या अंगठ्यांकडे परत एकदा पाहिलं. मग म्हणाली, "हाई आधी सांगतास तर नखं वाचतीस तुम्हनी."

तिनं दोन अटी घातल्या. बोटांना गुंडाळायला जुन्या धोतराच्या चिंध्या गिरणीनं द्यायच्या, आणि मजुरी मापावर नाही, रोजावर. शेठनी दोन्ही मान्य केल्या. पिल्लांना हात न लावता माल स्वच्छ ठेवायचा हाच एक मार्ग त्यांना दिसत होता. त्या आठवड्यापासून आमच्या आवारातली पाण्याची बादली आबांनी उलटी करून ठेवली आणि तिच्यावर बसायला लागले.

पण सगळ्या शेंगा आमच्या आवारात फुटत नव्हत्या. अर्धा दाणा आम्ही बाहेरून फोडलेलाच विकत घ्यायचो. त्यावर कुणी, कुठे, किती पाणी शिंपडलं होतं ते देवाला ठाऊक. आबांनी जेवढं नाकानं आणि हातानं निवडता येईल तेवढं निवडलं, दोन गाड्या दाणा फाटकातून परत लावला आणि दोन जुने अडते कायमचे तोडले. तरी उरलेल्याची खात्री कोण देणार? नमुना मुंबईच्या प्रयोगशाळेला पाठवायचा तर तिथे रांग महिन्यांची, आणि जहाज पंधरा दिवसांत सुटत होतं. शेठनी ठरवलं, माल पाठवायचा, तपासणी तिकडे उतरल्यावर होऊ दे. सोबत केमिस्टचं प्रमाणपत्र लागणार होतं.

त्या कागदावर लिहायचं होतं, 'बुरशीचा दोष आढळला नाही.' माझ्याकडे एक भिंग होतं, एक भट्टी होती आणि दोन डोळे होते. खोटं नव्हतं ते. मला दोष आढळला नव्हता. पण न आढळणं आणि नसणं यातलं अंतर मला नीट कळत होतं, आणि सही करताना पेन दोनदा थांबलं. आबा दारात उभे होते. मी सही केली. त्यांनी कागद घेतला, माझ्या सहीकडे बघत राहिले आणि निघून गेले.

मग सुरू झालं वाट बघणं. जहाज मुंबईहून सुटल्याची तार आली त्या दिवशी आबांनी खिशातलं दाभण नकाशात मुंबईशेजारी रोवलं. रोज सकाळी ते सुतळीवर बोटभर पुढे सरकायचं. मी कामावर आले की आधी गोदामात जाऊन दाभण कुठे आहे ते बघायची. मादागास्करच्या जवळ होतं तेव्हा बातमी आली, की दुसऱ्या कुठल्याशा जिल्ह्यातला एक लॉट त्याच बंदरावर नापास होऊन पडलाय. पाचकंदीलला लोक म्हणाले, आता धुळ्याचा नंबर. वडिलांच्या कानावर ते गेलंच. जेवण झाल्यावर हात धुताना ते एवढंच म्हणाले, "जळगावकरांचं पत्र आलंय. उत्तराची घाई नाही म्हणतात."

दाभण गाठीपाशी आलं, गाठ ओलांडून वर चढायला लागलं. मी वजनं करताना चुकायला लागले. आबा मात्र बादलीवर बसून राहायचे, तोंड हलत असायचं. एकदा मी चिडून विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत?" ते म्हणाले, "वाटस ना. म्हनीसन तं चावत बससू." मला वाटलं, सुपारी.

दाभण रॉटरडॅमला टेकलं आणि तिथेच अकरा दिवस राहिलं. त्या अकरा दिवसांत मी आबांशी भांडले, अक्काशी भांडले, बदकांनासुद्धा बोलले.

बाराव्या दिवशी दुपारी तारवाला आला. शेठ ऑफिसात तार उघडून वाचत होते आणि मी दारात उभी होते, आत जायची हिंमत नव्हती. शेठनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग मला म्हणाले, "बेटा, पास. सगळा माल पास. आणखी मागताहेत." मी तिथेच उंबऱ्यावर बसले. रडू आलं की हसू, सांगता येत नाही. उठूच नये असं वाटत होतं.

आबांना सांगायला गेले तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. नकाशातलं दाभण उपटलं, धोतराला पुसलं आणि समोरचं पोतं शिवायला घेतलं. अक्कानं बायांना गूळ वाटला. वडिलांनी संध्याकाळी तारेची नक्कल दोन वेळा वाचली, माझ्या सहीचा कागद बघायला मागितला, तोही वाचला. मग टेबलाशी बसून स्वतःच जळगावला पत्र लिहिलं. मला वाचायला दिलं नाही. पेटीत टाकून आल्यावर म्हणाले, "सकाळी डबा लवकर लागेल ना तुला?" इतकं हलकं मला नंतर माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा वाटलं नाही. ते लग्न माझ्या मनासारखं झालं होतं, तरी.

दिवा आला त्यानंतर दीड वर्षानं. जकातीच्या कागदांचं भेंडोळं दिव्याहून लांब होतं. तोवर चार-पाच लॉट गेले होते आणि सगळे पास झाले होते. आता तपासायची तशी निकड नव्हती, पण प्रत्येक लॉटची एक बरणी मी सीलबंद ठेवली होती, आणि सगळ्यांत मागच्या कोपऱ्यात ती पहिली. मला ती बघायचीच होती.

आबांची निवृत्ती महिन्यावर आली होती. मी त्यांना बोलावलं. खिडक्यांना पोती लावून खोली अंधारी केली, पहिल्या बरणीतला अर्क काचेच्या पट्टीवर चढवला, बाजूला दिव्यासोबत आलेला विषाचा एक नमुना ठेवला आणि दिवा लावला. नमुन्याचा ठिपका निळा उजळला. आमची पट्टी काळीच राहिली.

"काय दिखस?" आबांनी विचारलं.

"काहीच नाही दिसत, आबा."

"काहीच नही?"

"काहीच नाही."

ते हसले. अंधारात त्यांचे उरलेले सहा-सात दात दिव्याच्या झोतात लखलखीत निळे चमकले. मी न राहवून म्हणाले, "आबा, तुमचे दात बघा, निळे दिसताहेत."

तोंड चटकन मिटलं. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मंग ते मन्हा पोटमा गयं का, ताई?"

"काय गेलं?"

"ढेपनं इख."

मला काही उमगेना. मग अंधारातच त्यांनी सांगितलं. चेहरा दिसत नव्हता म्हणूनच सांगितलं असावं. "बदकास्ले नही खावाडानी, असा शेठले शब्द दिन्हा व्हता. मंग कोन खाई? हर लाटनी मूठभर मीच खादी. रोज. जहाज पोचत नही तवलोंग." मग म्हणाले, "कागदवर तुन्ही सही एकलीच व्हती."

आधी सुपारी असेलही, पण बदकांनंतरची दीड-दोन वर्षं मी जिला सुपारी समजत होते ती ढेप होती. त्यांच्या खिशात, दाढेखाली, रोज. माझ्या शास्त्राप्रमाणे त्याचा काडीचा उपयोग नव्हता. माणसाच्या पोटाला ते विष महिन्याभरात कळत नाही, दहा वर्षांतही कळेल न कळेल. हे मला त्या क्षणी ठाऊक होतं आणि मी त्यांना ते त्या दिवशीही सांगितलं नाही, पुढेही कधी नाही. शेवटी मी दिवा उचलला, स्वतःकडे वळवला आणि त्यांच्यासमोर दात विचकले.

"दात सगळ्यांचेच चमकतात, आबा. माझेही बघा."

ते पुढे वाकले. नीट निरखून पाहिलं, डावीकडून, उजवीकडून.

"तुन्हा बी निळा," ते म्हणाले, आणि त्यांचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. "मंग बरं शे."